पाहिलंस की ठरवलंस

बंगळुरात माझं जे काही चांगलं झालं ते अक्कांमुळे झालं, हे आधी लिहून टाकते. काय झालं ते मागाहून सांगेन. सांगण्याच्या भरात आभार राहून जातात, आणि काहीतरी राहून जाईल याची मला जन्मापासून भीती. गाडी चुकेल, दूध उतू जाईल, कुणीतरी मनाला लावून घेईल. अक्कांना माझ्या या सगळ्या भीती पाठ होत्या.

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. बसवनगुडीत खाली त्या एकट्या, वर गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं. मी चाळीसगावकडची. आठवीत शाळा सुटली. सोडली असं मी म्हणत नाही, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. आई अंथरुणाला खिळली आणि चुलीपुढे कुणीतरी बसायला हवं होतं, तिथे मी बसले. पुढे लग्न झालं, ह्यांना यशवंतपूरला एका वर्कशॉपात लेथवर काम मिळालं, आणि ज्या गावची भाषा कळत नाही त्या गावात मी एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन उतरले.

खोली बघायला गेलो ते आठवतं. बाकीच्या घरमालकांनी नोकरी विचारली होती, जात विचारली होती, मासळी खाता का विचारलं होतं. अक्कांनी विचारलं, "तुम्ही नवराबायको आहात हे मी कशावरून धरायचं?"

ह्यांनी पिशवीतून लग्नाचा फोटो काढला. अक्कांनी चष्मा लावून तो उजेडाकडे धरला. "यात दोन माणसं शेजारी शेजारी उभी आहेत. दोघंही घाबरलेली आहेत. पुढे?"

ह्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मी पुटपुटले, "तरी सांगत होते, शर्ट बदला म्हणून."

"शर्टाचं काय मध्येच? तुझं नेहमीचंच."

"आणि तुमचं नाही का नेहमीचं?"

अक्कांनी चष्मा काढला. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. "नवराबायको आहेत. नळाला पाणी सकाळी येतं."

अक्कांचं घराणं फार जुनं. कुठल्याशा मराठी फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं, घरात बोलणं तेवढं मराठी राहिलं, असं गल्लीतली मंडळी सांगत. अक्का स्वतः कधी सांगत नसत. "मी होते का गे तेव्हा? सासऱ्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं, आजोबांना आणखी कुणी. पांढरा."

आता पांढरा म्हणजे काय ते सांगायला हवं. अक्कांच्या ओट्यावर एक पितळेची वाटी असे, तीत चौकाबाऱ्याचे चिंचोके. आमच्याकडे त्या खेळाला अष्टा-चंगा म्हणतात. प्रत्येक चिंचोक्याची एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली, दुसरी मूळची काळी. खेळात ते फाशांसारखे टाकायचे. अक्का मात्र त्यांच्याकडून दुसरंच काम करून घेत. कुणी बातमी घेऊन आलं की त्या वाटी पुढे ओढत. सांगणाऱ्याने जे डोळ्यांनी पाहिलं, त्याला एक चिंचोका काळी बाजू वर करून मांडायचा. जे मनाने ठरवलं, त्याला पांढरी बाजू वर. "काळं देवानं दिलंय," त्या म्हणायच्या, "पांढरं आपण घासून घासून केलंय."

त्यांचे यजमान कोर्टात स्टेनो होते. जन्मभर लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या आणि घरी येऊन जेवताना बायकोला ऐकवल्या. त्यातून अक्कांचं एक मत झालं होतं, की साक्षीदार खोटं फार बोलत नाहीत. अर्धं पाहतात आणि उरलेलं अर्धं ठरवतात, आणि दोन्ही एकाच आवाजात सांगतात.

याचा सगळ्यात जास्त त्रास शेजारच्या ललिताम्मांना. एकदा त्या धापा टाकत आल्या. कोपऱ्यावरच्या घरातली सून भांडून माहेरी गेली.

"काय पाहिलंस?" अक्का.

"रिक्षात बसताना पाहिलं."

काळा.

"हातात बॅग होती. डोळे लालबुंद."

काळा, काळा.

"आणि भांडण?"

"अहो, लाल डोळे, बॅग, रिक्षा, आता भांडण नाही तर काय?"

पांढरा. ललिताम्मा रागावून गेल्या. पुढे सून परत आली तेव्हा कळलं, तिचे डोळे आले होते आणि पोरांना लागू नयेत म्हणून ती आईकडे जाऊन राहिली होती. त्यानंतर ललिताम्मांनी काही दिवस बातमी आणलीच नाही. मग राहवेना. काळे चिंचोके मिळवायचे तर डोळ्यांनी पाहायला हवं, म्हणून त्या मेहनत घ्यायला लागल्या, आणि एक दिवस स्टुलावर चढून भिंतीपलीकडे पाहता पाहता शेजाऱ्यांच्या कर्दळीत पडल्या. अक्का त्यांना हळद लावत म्हणाल्या, "पडलीस हे मी पाहिलं. का चढली होतीस ते विचारत नाही."

भाजीवाल्याने "ताजी आहे" म्हटलं की "तोडताना पाहिलीस?" हा प्रश्न ठरलेला. शेवटी तोच गाडी थांबवून ओरडायला लागला, "अक्का, पालक! पहाटे पोत्यातून काढताना पाहिला, त्याच्या आधीचं देवाला ठाऊक." पत्र्यावर सरी कोसळत असल्या तरी आत बसून अक्का "पाऊस आला" म्हणत नसत. "पत्र्यावर आवाज होतोय," म्हणत. माझे गच्चीवरचे कपडे भिजत, पण त्यांचं बोलणं चुकत नसे.

मला त्यांनी ही विद्या मांजरावर शिकवली. एका दुपारी खालच्या स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं रिकामं, झाकण जमिनीवर, आणि दारात मांजर मिशा चाटत बसलेलं. मी काठी उचलली.

"स्वल्प थांब," अक्का म्हणाल्या. "पिताना पाहिलंस?"

"मिशा चाटतंय ना ते."

"तू पण जेवून तोंड पुसतेस. म्हणून काल आमच्याकडचं जेवलीस असं म्हणू का?"

मी काठी ठेवली. तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "दूध मी प्याले. झाकण माझ्याच हातून पडलं."

"मग आधीच सांगायचं ना, अक्का."

"सांगितलं असतं तर तुला काठी आपणहून खाली ठेवता आली असती का?"

संध्याकाळचं दूध आल्यावर त्यांनी मांजरापुढे वाटी ठेवली. अब्रुनुकसानीची भरपाई, म्हणे.

माझा घोर त्यांनी याच वाटीवर उतरवला. संध्याकाळी हे यायला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे यशवंतपूरचा रस्ता, बस आणि बसखाली हे. मी जिन्यावर येरझाऱ्या घालायला लागले की अक्का खालून हाक मारत. "ये, मांड."

"अजून आले नाहीत," मी म्हणायची. काळा. "बसखाली..." पांढरा.

"सरी. पांढरेच मांडायचे तर एकच का? आणखी मांड. बस चुकली. काम वाढलं. कुणी चहाला धरून ठेवलं. चप्पल तुटली."

"चप्पल?"

"का? मेस्त्रींची चप्पल तुटू शकत नाही?" ह्यांना त्या मेस्त्री म्हणत.

असे एकेक मांडता मांडता माझा बसखालचा चिंचोका गर्दीत हरवायचा, आणि तेवढ्यात फाटक वाजायचं. त्या दिवशी हे आले तेव्हा बस चुकली होती. अक्कांनी ह्यांच्या चपलेकडे पाहिलं, ती शाबूत होती, आणि आपला चपलेचा चिंचोका गुपचूप वाटीत टाकला.

आता मुख्य गोष्ट.

अक्कांचे चिंचोके वापरून वापरून झिजले होते. काळी बाजू कुठली आणि पांढरी कुठली, म्हातारीला डोळ्यांजवळ नेऊन पाहावं लागे. माझ्या मनात आलं, नवा संच करून द्यावा, आणि तोही नकळत. गांधी बाजारातून न फोडलेली चिंच आणली. चिंचोके काढून घेतल्यावर गर टाकून द्यायचा जीव होईना. आमच्या घरी अन्न टाकणं म्हणजे पापच. आमटीत किती घालणार? मग मी तो गूळ-मीठ लावून खायला लागले, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, अक्का दिसल्या की पदराआड लपवून. दुपारी खाली खेळायला जायचं सोडून गच्चीच्या दगडावर चिंचोके घासायची. आणि एवढी आंबट चिंच खाऊन व्हायचं तेच झालं. सकाळी कपडे धुवायच्या दगडाशी गेले की पित्त उसळायचं.

त्याच सुमारास अक्का बदलल्या.

आधी कॉफी बंद झाली. रोज सकाळी खालून तांब्याच्या पेल्यातून वर येणारी कॉफी एक दिवस आलीच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "आजपासून तुला नाही." मग नळावर मी घागर उचलली तर झटकन हातातून काढून घेतली आणि ललिताम्मांच्या सुनेला दिली. परसातल्या झाडाच्या पपया उतरवल्या. गल्लीत सगळ्यांना फोडी गेल्या, भाजीवाल्याला गेल्या, मला नाही. मी समोर उभी होते. मग एक सुतार आला. आमच्या खोलीत येऊन त्याने तुळईला ठोकून पाहिलं, मापं घेतली आणि खाली जाऊन अक्कांशी हळू आवाजात बोलला. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "तुमच्या खोलीला सुण्णा मारून घेणार आहे." सुण्णा म्हणजे चुना. आणि मग, जाता जाता, अगदी सहज, "तुमच्या गावाकडची गाडी कोणत्या वारी असते गे? तिकीट आधी काढून ठेवावं लागतं की काय?"

मी तशीच जिन्याकडे वळले.

मी वर आले, दार लावलं आणि नवे चिंचोके जमिनीवर ओतले. अक्कांनी शिकवलं तसं मांडायचं ठरवलं, उगाच घोर करायचा नाही. कॉफी बंद. पाहिलं, काळा. घागर काढून घेतली. काळा. पपई. काळा. सुतार, तुळई, चुना. काळे. गाडीचं विचारलं, माझ्या कानांनी ऐकलं. काळा. ओळीने सगळे काळे. एकही पांढरा नाही. माझा घोर पहिल्यांदाच अक्कांच्या परीक्षेत पास झाला होता: अक्का आम्हाला खोलीतून काढणार होत्या.

खोली गेली तर काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. ह्यांचं काम कायम झालेलं नव्हतं. सासरी सगळे म्हणतच होते की परमुलखात टिकणार नाहीत. आणि या गावात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारं घर हे एकच.

हे म्हणाले, "विचार ना सरळ त्यांना."

"विचारलं की सांगतील ना," मी म्हटलं.

"मग सांगू दे."

"सांगितलं की खरंच होईल."

ह्यांना हे कळलं नाही, पण वर्कशॉपातल्या एकाच्या ओळखीने मारतहळ्ळीला एक खोली पाहून आले. तेव्हा मारतहळ्ळी म्हणजे शेतं आणि धूळ. नाव ऐकूनच मला रडू आलं. तरी, कुणी जा म्हणायच्या आधी आपणच जावं, तेवढी तरी लाज राहील, म्हणून मी ट्रंक भरायला घेतली.

अक्का पपईचं पान तोडायला गच्चीवर येत तशा आल्या, आणि दारातच थांबल्या. ट्रंक पाहिली. कमरेवर हात ठेवला.

"एवढ्यात निघालीस? सातव्यात जायचं असतं गे."

"कसल्या सातव्यात?"

"कसल्या म्हणजे? आणि असल्या दिवसांत ट्रंक ओढतेस? मेस्त्री कुठायत? हिला ओढू देतात?"

"तुम्हीच तर काढताय आम्हाला," मी म्हटलं, आणि एवढ्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. कॉफी. घागर. "भाजीवाल्याला पपई दिलीत, अक्का. मी समोर उभी होते."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "पोटुशीला पपई देतात का कुणी?"

"कोण पोटुशी?"

खाली ललिताम्मांचं भांडं पडल्याचा आवाज आला. मी पदराने डोळे पुसायला गेले तर ओच्यातले चिंचोके खळखळ जमिनीवर पडले. नवे, एका बाजूने पांढरे शुभ्र, दुसऱ्या बाजूने तेल लावल्यासारखे काळे. अक्का खाली वाकल्या. एक उचलून पाहिला. मग माझ्या बोटांकडे पाहिलं, घासून घासून सोललेली. मग कोनाड्यातल्या चिंचेच्या गोळ्याकडे.

"म्हणून खात होतीस?"

"टाकवेना."

"आणि सकाळचं ते दगडाशी?"

"पित्त."

अक्का भिंतीला टेकून खालीच बसल्या. एकेक चिंचोका मांडायला लागल्या. लपून चिंच खाते, पाहिलं. सकाळी ओकते, ऐकलं. दुपारी खेळायला येत नाही, पाहिलं. सगळे काळे. त्यांच्या ओळीसमोर मी माझी मांडली. दोन्ही ओळी काळ्याकुट्ट, आणि दोन्हींच्या शेवटी काय ते कुणीच मांडलं नव्हतं.

"हा राहिला," अक्का म्हणाल्या. त्यांनी आपल्या ओळीखाली एक पांढरा ठेवला, आणि माझ्या ओळीखाली एक. "काळे कितीही असू देत गे. शेवटचा आपणच घासलेला असतो. तो मी मांडलाच नाही." मग म्हणाल्या, "कोर्टात असतो तर एकीच्या साक्षीवर दुसरी फासावर गेली असती."

"तुम्ही विचारलं का नाही मला?"

"तीन महिने बोलायचं नसतं. दृष्ट लागते. करायचं सगळं, तोंडातून काढायचं नाही, अशी रीत आहे आमच्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू का नाही विचारलंस?"

"भीती वाटली."

"चांगल्या भेटलो," अक्का म्हणाल्या.

मला हसू आलं आणि त्याच्या मागून रडूही. लग्नाला काही वर्षं झाली होती. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रात तोच एक प्रश्न असायचा. अक्कांना ते ठाऊक होतं. त्यांनी माझा सोललेला हात आपल्या मांडीवर घेतला. "चुकले गे. मांजराला जेवढा न्याय दिला तेवढाही तुला दिला नाही."

नेमका तेव्हाच सुतार जिना चढून आला. त्याच्या हातात जाडजूड लोखंडी कडी होती, पाळण्याची. तुळईला बसवायला आणली होती. तो आमच्याकडे बघायला लागला, आम्ही कडीकडे.

मी म्हटलं, "त्यांना परत पाठवा, अक्का."

"का? कडी म्हणजे मूल नव्हे. कडी म्हणजे कडी." आणि सुताराला, "बसव रे."

त्या कडीला पुढे दोन वर्षं मी चक्का टांगला. एवढं घट्ट श्रीखंड त्या गल्लीत कुणाचंच होत नसे, असं ललिताम्मा म्हणत, आणि ते त्यांनी खाऊन पाहिलेलं होतं. मग एकदा खरंच दिवस गेले तेव्हा मी धावत खाली गेले. अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की तू ठरवलंस?" कागद दाखवला. चष्मा लावून तो त्यांनी सगळा वाचला, मग वाटीतला एक चिंचोका काळी बाजू वर करून माझ्या तळहातावर ठेवला आणि आत जाऊन पेलाभर दूध आणलं. कॉफी पुन्हा बंद झाली. पण या वेळी मी कारण विचारून घेतलं.

आता ह्यांचा स्वतःचा लेथ आहे, आणि आम्ही राहायला गेलो ते शेवटी मारतहळ्ळीलाच. मुलगी मात्र आधी अक्कांच्या वरच्या खोलीत, त्याच कडीला टांगलेल्या पाळण्यात वाढली. जमेल तेव्हा दोन बसा बदलून मी बसवनगुडीला जाते. अक्का अजून एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा दूर परदेशी, तो फोन करतो. गेल्या खेपेला मी बसले होते तेव्हाच फोन आला. बोलून झाल्यावर अक्का ओट्यावर येऊन बसल्या, वाटीशी चाळा करत.

"त्याला कुणीतरी सांगितलं, अम्मा जमिनीवर चिंचोके मांडून बोलत बसते. भाजीवाल्याशी पालकावरून वाद घालते. पातेलं गॅसवर विसरते."

"विसरता?"

"एकदा विसरले. काळा." त्यांनी तो मांडलाही. "तो म्हणतो, आता तुला एकटं राहता येणार नाही. घर विकू, कुठल्याशा आश्रमात सोय करू. हे पुढचं नाही म्हणाला अजून. म्हणेल." मग स्वतःच हसल्या. "बघ, हा पांढरा."

मी वाटी जवळ ओढली.

"तुला एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "उद्या खरंच माझं डोकं गेलं तर न्या मला, मी काही म्हणणार नाही. पण सगळे जमून ठरवायला बसले, की म्हातारी गेली कामातून, तर तेव्हा तू ये. मला मांडता येणार नाही. माझ्या वतीनं तू मांड."

मी मान हलवली. माझ्यासारख्या आठवीत शाळा सुटलेल्या, फोन वाजला तरी दचकणाऱ्या बाईने त्या शिकल्यासवरल्या माणसांपुढे काय बोलायचं, या विचाराने परतीच्या बसमध्ये मला घाम फुटला होता, हेही खरं. तरी सांगते. तो दिवस आला तर मी दोन बसा बदलून येईन, अक्का. तुमच्या ओट्यावर बसेन, घासलेले सगळे चिंचोके जमिनीवर ओतीन, आणि प्रत्येकाला आळीपाळीने विचारीन, पाहिलंत की ठरवलंत. माझा आवाज कापेल. कापू दे. तेवढं माझ्याकडे लागलं.